धाकू मिस्त्रीची रेघ

सकाळचे पावणेआठ वाजले होते. श्रीपाद अंगणातल्या खुर्चीवरून पेपर उचलून आत येऊन बसला होता, आणि चटणीत मीठ घातलं की राहिलं ते आठवत मी मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभी होते. तेवढ्यात दार वाजलं. आमच्या दाराला बेल आहे आणि ती चालतेही. तरी कुणीतरी दारावर ठोकत होतं, आणि आवाज बोटांच्या पेरांचा नव्हता, काहीतरी बोथट आपटल्यासारखा होता. दार उघडलं तर साठीच्या पुढचा एक बुटका, सडसडीत माणूस कोपर वर धरून उभा. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

"बेलला डाग पडला असता," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावरून आत पाहत, "साहेब, मी धाकू. गाडी आधी बघून घेतली. म्हटलं, मालकाला काय, मागाहून पण बघता येतं."

श्रीपाद हसत उठला. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली, तिथल्या मालाच्या ट्रकांची देखभाल बावीस वर्षं या धाकूकडे होती. आता तो वागळे इस्टेटमध्येच बंटी नावाच्या एका तरुण माणसाच्या गॅरेजात काम करायचा आणि राहायचा शहाडला. श्रीपादनंच त्याला फोन करून बोलावलं होतं, कारण आमच्या अंगणात एक ट्रक उभा होता आणि त्याचं काय करायचं हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

तो ट्रक केदारचा, म्हणजे आमच्या मुलाचा. केदार आणि आमची सून क्षिप्रा घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतात. तिथल्या सोसायटीत दुसरी मोटार ठेवायला चार सह्या लागतात, मग ट्रक कुठला? आमचं डोंबिवलीचं, एमआयडीसीच्या निवासी भागातलं बैठं घर, पुढे अंगण, मोठं फाटक. केदारनं आणि त्याच्या कॉलेजपासूनच्या मित्रानं, अपूर्वनं, लष्कराच्या लिलावातून आलेला जुना ट्रक घेतला आणि आणून आमच्या दारात लावला. डिसेंबरात तो घेऊन दोघं कच्छच्या रणात जाणार होते. रस्ता सोडून, बारा दिवस. दोघंही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे. रात्री फोनवर वाळूतून उड्या मारणाऱ्या गाड्या बघायच्या आणि एकमेकांना पाठवायच्या, एवढीच त्यांची तयारी.

पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकाचा खांब पाडला. दुसऱ्या रविवारी ट्रक शिळफाट्यावर बंद पडला आणि चार तास मागच्या सगळ्या गाड्यांनी यांच्या आयामाया काढल्या. तिसऱ्यांदा तर घरात आम्ही जेवत असताना हँडब्रेक सुटून तो आपला आपणच मागे गेला आणि समोरच्यांच्या कुंपणाला जाऊन टेकला. अपूर्व म्हणाला, "काकू, तो रणाकडे निघालेला. दिशा चुकली फक्त." अपूर्व असा. अठराव्या वर्षापासून माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडणारा मुलगा. चकलीचा डबा कुठल्या फडताळात हे केदारला माहीत नसेल, त्याला माहीत.

धाकूनं ट्रकबद्दल जे सांगितलं ते पायरीवर उकिडवं बसून, बशीत चहा ओतत सांगितलं. खुर्ची दिली तर घेतली नाही, कपडे खराब आहेत म्हणाला. "गाडी म्हातारी हाय, पण खोटारडी नाय. हिचं कुठं दुखतं ते ती सांगते. ह्या दोघांना ऐकू येत नाय एवढंच."

मग श्रावणातल्या त्या सकाळपासून दर शनिवार-रविवार तो यायला लागला. कधी मधल्या वारीही, गॅरेजातून सुटून. भाकरी बरोबर आणायचा, भाजी मात्र माझ्याकडून घ्यायचा. अळूचं फदफदं त्याला फार आवडायचं. पोलादपूरकडचं गाव, आई असेपर्यंत तिथं जायचा, आता जात नाही म्हणाला. शेवंती, म्हणजे बायको, हिच्याबद्दल विचारलं की "हाय घरी" एवढंच.

त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर ट्रकमध्ये भरलेलं सगळं सामान खाली काढायला लावलं. अंगणात दोन सतरंज्या अंथरल्या आणि त्यावर ते मांडलं. छताचे चार दिवे, घडीचा तंबू, घडीचं टेबल, कॉफीचं यंत्र, गाणी वाजवायचा डबा. एकेका वस्तूपुढे थांबून धाकू विचारायचा, हे कुणी उचलायचं? कॉफीच्या यंत्राशी अपूर्वनं त्याला अडवलं. "मिस्त्री, सकाळी कॉफी लागते हो मला."

"लागंल ना. पण तिथं कॉफीच्या आधी जॅक लागंल. तो कुठंय?"

जॅक होता, पण लहान मोटारीचा. श्रीपाद इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसरं त्यानं केलं ते हे, की या दोघांना दर रविवारी एक चाक काढून परत बसवायला लावलं. माणसाच्या कमरेएवढी चाकं ती. स्वतः हात लावायचा नाही, शेजारी बसून तंबाखू मळायचा. केदार चिडायचा. अपूर्वचं नख काळंनिळं झालं, तरी तो म्हणायचा, "मिस्त्री, जिमचं नाव काढून टाकतो आता." चाक बसलं, नट आवळून झाले की मग धाकू उठायचा, प्रत्येक नटावर स्वतःचा पाना घालून बघायचा, आणि खिशातली चुन्याची डबी काढायचा. बोटानं चुना घेऊन नटावरून सुरू करून थेट चाकाच्या पत्र्यापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढायचा. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटणार, आणि तुटली की लांबून दिसणार.

ही रेघ कुठून आली ते त्यानं एकदा मला सांगितलं. मी मटार सोलत होते, तो ट्रकच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना ग्रीस लावत होता. बाविशीत तो पंढरी नावाच्या एका ड्रायव्हरकडे क्लीनर होता. कसारा घाटाच्या अलीकडे त्यानं एक चाक बदललं, नट आवळले, निघाले. उतारावर पंढरी त्याला म्हणाला, "हे बघ, कुणाचं तरी चाक पळतंय." त्यांच्याच ट्रकचं चाक त्यांना मागे टाकून रस्त्यानं पुढे चाललं होतं. पंढरीचा उजवा हात त्या दिवशी गेला. चाक एकदाच आवळून भागत नाही, चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून आलं की बसतं आणि मग दुसऱ्यांदा आवळावं लागतं, हे धाकूला माहीत होतं. पण जेवायची वेळ झाली होती आणि त्यानं आवळलं नाही. पंढरीनं त्याचं नाव कुणाला सांगितलं नाही. "तेच वाईट झालं वहिनी," धाकू म्हणाला. "मारलं असतं तर बरं होतं."

मी विचारलं, चुना तर पाण्यानं धुऊन जाईल, रंग का नाही लावत?

"जाऊ दे ना धुऊन. रोज सकाळी पुसायची, रोज नवी काढायची. तेवढ्यासाठी तरी माणूस चाकापाशी बसतो."

मला ते इतकं पटलं की संध्याकाळी मी श्रीपादला जसंच्या तसं सांगितलं. मात्र या रेघेतली एक गोष्ट माझ्या कानावर पडलीच नाही. ती त्यानं केदार-अपूर्वला सांगितली तेव्हा मी आत डोसे उलटत होते. एकदा आवळलेल्या चाकाला तो एक रेघ काढायचा आणि दुसऱ्यांदा आवळलं की तिच्या शेजारी दुसरी. दोन रेघा म्हणजे काम झालं. एक रेघ म्हणजे बाकी आहे, चाक बसवायच्या त्या एका फेरीनंतर गाडी हलवायची नाही.

नवरात्रात अष्टमीच्या दुपारी धाकूनं मागच्या डाव्या चाकातलं एक गळकं सील बदललं आणि चाक परत चढवलं. संध्याकाळी केदार ट्रक बदलापूरपर्यंत फिरवून आला. आता दुसऱ्यांदा आवळायचं तेवढं राहिलं. पण दुसरा दिवस खंडेनवमीचा. धाकूकडे नवमीला हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत पान्याला हात लावत नाहीत. बापाच्या वेळेपासून असंच आहे म्हणाला, त्याचा बाप गावी लोहारकामाला मदतीला जायचा. तेव्हा ठरलं ते असं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो येणार, डाव्या चाकाचे नट आवळणार, दुसरी रेघ काढणार, आणि मग ही दोघं ट्रक घेऊन मुरबाडच्या पुढे एका नदीच्या पात्रात पहिली चाचणी करायला जाणार. रणाआधीची तालीम. फाटकातून बाहेर पडता पडता धाकू केदारला परत एकदा म्हणाला, "सात. मी आल्याबिगर नाय."

दसऱ्याला आम्ही सगळ्या गाड्यांची पूजा करतो. श्रीपादची मोटार, केदारची, माझी जुनी स्कूटर. यंदा ट्रकही होता. क्षिप्रा सकाळीच आली होती. आम्ही दोघींनी पाइप लावला, साबणाचं पाणी केलं आणि ट्रक धुतला. चाकं मी घासली. नारळाच्या शेंडीनं, बसून, एकेक. चिखल निघाला, ग्रीसचे ओघळ निघाले, आणि चुन्याच्या रेघा निघाल्या. मला त्या दिसल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. दिसल्या. मनात आलंही, की मिस्त्रीच्या रेघा आहेत. आणि मग आलं, रोज पुसायची, रोज काढायची. उद्या येतोच आहे की. चाकांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ पुढच्या जाळीला बांधली. क्षिप्रानं फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

रात्री केदार इथंच झोपला. अपूर्वही आला. पहाटे पाच वाजता दोघं आवरून तयार. सातला निघालं की कल्याणपासून शहाडच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागते, दहाच्या आत मुरबाड गाठत नाही माणूस, असं अपूर्वचं म्हणणं. मी थर्मास भरत होते. म्हटलं, अरे, मिस्त्री यायचेत ना? केदार बॅटरी घेऊन ट्रकभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, चाकं सगळी व्यवस्थित आहेत आई, आपण बदलापूरला नाही का जाऊन आलेलो. मिस्त्रीचं काय, तो तर चहासुद्धा दोनदा तपासून पितो. आणि मग म्हणाला, "काय चकचकीत केलंयस गं." मला बरं वाटलं. उपम्याचा डबा अपूर्वच्या हातात देताना मी त्याला सांगितलं, लिंबू वेगळं ठेवलंय.

सातला पाच कमी असताना दारावर कोपर आपटलं. मी उघडेपर्यंत धाकू मागे वळून रिकाम्या अंगणाकडे बघत उभा होता. पान्याची पिशवी खांद्याला, पिशवीवर कुंकू, फुलाची पाकळी अजून चिकटलेली.

"कधी गेले?"

पाचला, मी म्हटलं. त्यानं फोन काढला, लावला, परत लावला. मुरबाडच्या पुढे फोन लागत नाही. मग तो ट्रक उभा असायचा त्या जागी गेला. फरशीवर साबणाच्या पाण्याचे वाळलेले डाग होते, नारळाची शेंडी कडेला पडली होती. माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "चाकं धुतली काय?"

"धुतली," मी म्हटलं. "पूजेला."

"बरं," तो म्हणाला. पायरीवर बसला. चहा दिला तो बशीत ओतला आणि तसाच राहिला.

फोन साडेनऊला आला, एका अनोळखी नंबरावरून. नदीत उतरताना दगडांचा उतार होता. केदार चालवत होता आणि अपूर्व खाली उतरून हातानं खुणा करत पुढे दिशा दाखवत होता. मागचं डावं चाक निखळलं. ट्रक त्या बाजूला बसला, घसरला आणि अपूर्वचा पाय दगड आणि ट्रकच्या मधे सापडला. गावातली माणसं आली म्हणून तो निघाला. पुढचे दोन महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या, तीन ऑपरेशनं. पाय राहिला. घोटा वाकत नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता तो वाकणार नाही. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला, काठी टेकून थांबला, आणि बाहेर जाऊन बसला. मीच डबा नेऊन दिला.

ट्रक भंगारात गेला. रणाचं नाव कुणी काढत नाही.

धाकू हॉस्पिटलमध्ये आला होता, चौथ्या दिवशी. मी तिथं होते. केदार त्याच्यावर ओरडला नाही, आमच्या घरात कुणी ओरडत नाही. अगदी थंड आवाजात म्हणाला, तुम्ही चाक सैल ठेवून पूजेला बसलात. धाकू म्हणाला, "मी एक रेघ ठेवली होती." केदार म्हणाला, रेघ नव्हती. मी बॅटरी मारून बघितलेली, एकाही चाकावर काही नव्हतं. तुमच्या मनात असेल. धाकूनं मान वर केली. मी भिंतीला टेकून उभी होते. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि थांबली नाही. "एक होती," तो परत म्हणाला आणि निघून गेला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. आत अपूर्वला गुंगीतून बाहेर आणत होते, त्याची आई बाकावर स्तोत्र म्हणत बसली होती, आणि मला वाटलं, आत्ता नको. आत्ता नको असं वाटण्यात कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. श्रीपादला सांगितलं मी, एका दुपारी. तो म्हणाला, "आता सांगून पाय सरळ होणार आहे का?" तो वाईट बोलला नाही, मला वाचवायला बोलला. मला ते सोयीचं वाटलं आणि मी ते धरून बसले.

केदारनं मुद्दाम काही केलं असंही नाही. ज्यांना सांगायचं त्यांना झालं ते सांगितलं, गाड्यांची हौस असलेल्या त्याच्या मित्रांना. ते त्यांच्याकडून वागळे इस्टेटपर्यंत पोहोचलं. जानेवारीत श्रीपादला कारखान्यातला जुना कुणी भेटला, त्यानं सांगितलं की बंटीनं धाकूला चाकाचं आणि ब्रेकचं काम देणं थांबवलंय, गिऱ्हाइकं नको म्हणतात. धुण्याचं काम दिलं होतं. तो दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी आला नाही.

मी एकटीच शहाडला गेले. मोहन्याकडच्या रस्त्याला चाळीत त्यांची खोली, पुढे पत्र्याची पडवी. शेवंतीनं मला ओळखलं. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि आत जाऊन भांडी आवरायला लागली, गरजेपेक्षा जास्त आवाज करत. धाकू पडवीत बसला होता. हात स्वच्छ होते. एवढ्या महिन्यांत मी त्याचे हात कधी तसे पाहिले नव्हते, नखांच्या कडासुद्धा पांढऱ्या. मला ते बघवेना.

अळूचं आणलंय, मी म्हटलं. तो म्हणाला, कशाला. अपूर्वचं विचारलं, घोटा वाकतो का. नाही म्हटल्यावर मान हलवली. म्हणाला, मी नवमीला पाना उचलला असता तर झालं असतं ना वहिनी, दहा मिनिटांचं काम. देव काय म्हणाला असता? काही म्हणाला नसता. तो हे मला विचारत नव्हता. रोज स्वतःलाच विचारत असावा, तसं सवयीनं बोलला.

मग मी सांगितलं. चाकं मी घासली, मागचं डावंही मीच, रेघ मला दिसली होती आणि मी ती पुसली. इतके दिवस कुणाला बोलले नाही. बोलताना रडायचं नाही असं येताना ठरवलं होतं, तेवढं पाळलं.

आतली भांडी थांबली.

"ठाऊक हाय मला," धाकू म्हणाला. "त्याच दिवशी. शेंडी पडली होती ना तिथं."

"मग हॉस्पिटलमध्ये का नाही बोललात?"

त्यानं खिशाकडे हात नेला आणि परत खाली घेतला. रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत धाकू त्याच्या चाकांकडे बघत राहिला. शेवंती दारात येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत.

"मी काय सांगायचं? आईवर आळ घेतलेला मुलगा ऐकून घेतो का?" तो म्हणाला. "त्यानं परत मला बोलवावं असं पण नाय माझं. गॅरेजात जाऊन कुणाला सांगू नका. साहेबांना तरास नको. तुम्ही पुसली ते पण सांगायचं तर सांगा, नायतर राहू दे. वहिनी, केदारभाऊंना फक्त एवढं सांगा, मागच्या डाव्या चाकाला एक रेघ होती."